दोघांचा दगड

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीत एक दगड आहे. खालच्याच थरात, काळपट, पोट पुढे काढून बसलेला. गिरणीवाला येता-जाता त्याला हात लावतो आणि बरोबर कोणी पाहुणा असला तर सांगतो, "हा माझा." खरं तर तो दगड उचलताना त्याने इतक्या शिव्या दिल्या होत्या की मी आमच्या पोरीला कानांवर हात ठेवायला सांगितलं होतं. पण ते आता कोणाला आठवतंय? मला आठवतं. त्या वर्षीचं सगळंच आठवतं. आठवलं की आधी हसू येतं, मग पदर डोळ्यांना लागतो. वय झालं, दुसरं काय.

त्या वर्षी परीक्षा नुकत्याच आटोपल्या होत्या. ऊन असं तापलेलं की भर दुपारी कुत्रीसुद्धा मोरीच्या ओलीला जीभ काढून पडलेली. अशाच एका दुपारी वारा सुटला. पाऊस नाही, काही नाही, नुसता वारा आणि धूळ. आम्ही दारं-खिडक्या लावून घरात बसलो. शाळेच्या बाजूने आधी पत्र्यांचा खडखडाट ऐकू आला, मग एकच धप्प आवाज. वारा पडल्यावर जाऊन बघतो तर मागच्या लांब वर्गाची भिंत बाहेरच्या अंगाला झोपलेली, वासे मोडून लोंबतायत आणि निम्मे पत्रे शेतात. एक पत्रा तर थेट गिरणीच्या दारात जाऊन पडला होता. फळा मात्र समोरच्या भिंतीवर जागच्या जागी होता आणि त्यावर शेवटच्या दिवशी कोणीतरी काढलेलं फूलही. सुट्टी लागली होती म्हणून बरं, आत कोणी नव्हतं.

गाव गोळा झालं. सगळे हळहळले. ज्याची मुलं त्या शाळेत होती तोही, आणि ज्याने स्वतः त्याच वर्गात मार खाल्ला होता तोही. आणि निघताना प्रत्येक जण तेच म्हणाला, जे आमच्याकडे कायम म्हणायचे: "सिस्टर बघतील." शाळेचा नळ गळतोय, सिस्टर बघतील. पोरगं ऐकत नाही, सिस्टर बघतील. कोणाची मुलगी मध्येच यायची थांबली, सिस्टर बघतील. हे म्हणून झालं की माणूस मोकळ्या मनाने घरी जाऊन जेवायचा.

आता त्या सिस्टर म्हणजे किती, तर एके काळी चर्चमागच्या त्यांच्या बैठ्या घरात इतक्या होत्या की रविवारी पुढची बाकं त्यांनीच भरायची. मग कोणी वारल्या, कोणाची बदली झाली, नवीन कोणी येईना. त्या वर्षी तिघी उरल्या होत्या. एकीला दिसत नव्हतं, एकीला ऐकू येत नव्हतं, आणि तिसऱ्या मोठ्या सिस्टर. त्यांना दिसतही होतं आणि नको तेवढं ऐकूही येत होतं, फक्त गुडघे गेले होते. मास्तर होते, बाई होत्या, पण शाळा चालायची ती मोठ्या सिस्टरांच्या जिवावर.

त्यांनी मला शिकवलं, आणि आमच्या ह्यांनाही. आम्ही दोघं एकाच वर्गात होतो, ही गोष्ट आमचे हे आजही चारचौघांत सांगू देत नाहीत. कारण मग पुढचा प्रश्न येतो, पहिला नंबर कोणाचा. हे शेवटच्या बाकावर बसायचे. उत्तर डोक्यात असायचं, पण तोंडातून निघताना शब्दांची मोडतोड व्हायची. सिस्टर टेबलावर पट्टी आपटून म्हणायच्या, "वाक्य परत म्हण." हे परत म्हणायचे, परत मोडायचं. "वाक्य परत म्हण." बरोबर आलं की त्या फक्त एवढंच म्हणायच्या, "बरोबर." कौतुक नाही, पाठीवर थाप नाही. तरी त्या एका शब्दासाठी आम्ही जीव टाकायचो. ह्यांच्या वाट्याला तो कधी आला नाही. पोरांनी ह्यांना मुक्या म्हणायला सुरुवात केली आणि पुढे हे चांगले गवंडी झाले, भिंती उठवल्या, संसार केला, तरी ते नाव काही सुटलं नाही.

गंमत म्हणजे सिस्टरांची स्वतःची भाषा वेगळीच. त्या तरुणपणी इथे आल्या त्या आपली भाषा पुस्तकातून शिकून. पहिल्याच रविवारी बायकांसमोर उभ्या राहिल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "आपण सगळ्या पापी आहात." म्हणायचं होतं 'आहोत'. बायका अशा फुगल्या की कित्येक दिवस कोणी त्यांना साधं पाणी विचारलं नाही. माझी आई ती गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावून हसायची.

म्हणूनच की काय, 'आम्ही' आणि 'आपण' त्यांनी आम्हाला घोटून घोटून शिकवलं. "आम्ही जेवायला बसतो म्हटलं की समोरचा उभाच राहतो," त्या सांगायच्या. "आपण जेवायला बसू म्हटलं की त्यालाही ताट मिळतं." आणि मग बोट वर करून, "पण जपून. मोठ्या माणसालाही आपण म्हणतात. तिथे मी एकदा पडले आहे." अख्खा वर्ग खो खो हसायचा. त्याही हसायच्या.

वादळानंतरच्या रविवारी शहरातून फादर आले. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, करायला येतात ते नव्हेत, चर्चच्या सगळ्या शाळांचा कारभार बघणारे. उंच, सडपातळ, जाड चष्मा. तेही आपली भाषा पुस्तकातूनच शिकलेले, पण सिस्टरांसारखे ठेचा खाऊन पक्के झालेले नव्हेत. इतके अदबीने बोलायचे की आवारात पायात आलेल्या कुत्र्यालासुद्धा म्हणाले, "आपण जरा बाजूला व्हावं."

शाळेच्या आवारात झाडाखाली बैठक भरली. चर्चला येणारे होते, कधीच न येणारेही होते. मुलं सगळ्यांचीच तिथे. फादरांनी आडपडदा ठेवला नाही. सिस्टरांचं इथलं घर बंद होणार, तिघींना शहरात म्हाताऱ्या सिस्टरांबरोबर ठेवणार. त्यांच्या जागी पाठवायला कोणी नाही. त्यात ही भिंत. "शाळा पुढे चालायची असेल तर सर्वांनी जबाबदारी घ्यावी लागेल," फादर म्हणाले. "मी विचारतो, ही शाळा कोणाची?"

गिरणीवाला नखातलं पीठ काढायला लागला. मी खाली मातीत बघत होते आणि डोक्यात एकच विचार होता. आमच्या पोरीची सातवी झाली होती. आठवी ह्या शाळेत नाही झाली तर दुसरी शाळा थेट शहरात, बसने जाऊन-येऊन अंधार होणार, त्या वयाच्या मुलीला तसं कोणी धाडत नव्हतं. शाळा बंद झाली की ती उद्यापासून माझ्याबरोबर चुना कालवणार. हुशार होती हो माझी पोर. माझ्या बोलण्यातल्या चुका काढायची, आणि मला त्याचा राग यायच्या ऐवजी बरं वाटायचं.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने हे उठले. मला वाटलं उठून घरी निघाले. पण उभे राहिले. खांद्यावरचं फडकं हातात घेऊन पिळत होते.

"शाळा आपली आहे, फादर," हे म्हणाले. "आपणच बघायला पाहिजे."

एका दमात, न अडखळता. एवढं स्वच्छ वाक्य मी ह्यांच्या तोंडून लग्नातही ऐकलं नव्हतं. खुर्चीत बसलेल्या मोठ्या सिस्टरांनी झटकन मान वर केली.

फादरांनी मात्र चष्मा काढला, पुसला आणि मान झुकवली. "आपण आमच्यावर एवढा विश्वास टाकलात," ते म्हणाले. "मी आभारी आहे. पण खरं सांगतो, आता आमच्याने बघणं होणार नाही. शाळा आमची आहे असं आपण सर्व मानता, तर निर्णयही आम्हीच घेतला पाहिजे. सुट्टी संपायच्या आत मी किल्ल्या न्यायला येईन."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैठक संपली की टाळ्या वाजवायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक.

"न-नाही, म्हणजे, आप... तसं..." हे बोलत होते, पण वाक्य पार फुटून गेलं होतं. फादरांनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं. मी बायकांच्या घोळक्यातून वाट काढून पुढे येईपर्यंत जीप फाटकाबाहेर गेली होती.

"काय मुक्या," गिरणीवाला भर आवारात ओरडला, "जन्मात एकदा तोंड उघडलंस आणि शाळाच देऊन टाकलीस की!"

काय हसले लोक! गिरणीवाला आणि हे लहानपणापासूनचे एका बाकावरचे, त्यामुळे त्याला काही बोलायची सोय नव्हती. आणि तो विनोद गावाला फार आवडला. दुकानात गेलं तरी तेच, नळावर गेलं तरी तेच. खापर फोडायला एक डोकं मिळालं की बाकीच्यांची डोकी हलकी होतात, तसं झालं. सगळ्यांना नीट कळलं होतं ह्यांना काय म्हणायचं होतं ते. पण फादरांना कळलं ते सोयीचं होतं.

त्या संध्याकाळी हे ताटावरून उठले.

"मी काय चुकीचं बोललो?"

"काही नाही. शब्दच तसला आहे," मी म्हटलं. "उद्या शहरात जा आणि फादरांना सांगून या."

"बोलून घोळ झाला. आता बोलायचं नाही."

"मग काय करायचं?"

हे अंगणात जाऊन थापी घासायला बसले. बोलायचं नाही म्हणजे नाही.

सकाळी हे नेहमीसारखे थापी, ओळंबा, पहार घेऊन निघाले. मला वाटलं, खालच्या वस्तीवर दुकानाचं बांधकाम चालू आहे तिकडे चाललेत. दुपारी त्या दुकानाचा मालक दारात. "गवंडी आजारी आहेत का?" मी समजले. डोक्यावर पदर घेतला आणि तडक शाळेत.

हे पडलेल्या भिंतीच्या ढिगात उभे. अंगातला सदरा काढून फांदीला टांगलेला. दगड एका बाजूला, माती एका बाजूला, फुटके तुकडे तिसरीकडे, असे सुरेख ढीग लावत होते.

"अहो, हे काय चाललंय? ते तिकडे खोळंबलेत."

"खोळंबू दे."

"ही भिंत बांधायला कोणी सांगितलंय तुम्हाला?"

"कोणी नाही." हे एक दगड उलटा करून बघत होते. "ही माझ्या बापाने बांधलेली. मजुरी घेऊन बांधली म्हणून चर्चची झाली. मी मजुरी घेत नाही."

मी भांडायच्या तयारीने गेले होते. तोंड उघडलं आणि बघितलं तर ह्यांच्या पाठीवर घामाने माती चिकटून भेगाळली होती आणि प्यायला घागरभर पाणीही जवळ नव्हतं. मी पाणी आणायला गेले. पाणी आणलं तर म्हणाले, थोडं त्या मातीत टाक. टाकलं. मग माती कोणी मळायची? चपला काढल्या आणि साडी खोचून आत उतरले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा पोरीने आमच्या दोघांकडे बघून कपाळाला हात लावला.

मग ते रोजचंच झालं. तीही यायची. सकाळी मोठ्या सिस्टर आठवीत जाणाऱ्या मुलींना व्हरांड्यात घेऊन बसायच्या, सुट्टी असली तरी. तो तास संपला की आमची पोर वही ठेवून घमेलं उचलायची. चुन्याने माझी बोटं उलली, रात्री तेल लावलं की आग आग व्हायची. हे पहाटेच उठून जायचे. खालच्या वस्तीवरचं काम दुसऱ्या गवंड्याकडे गेलं. घरात ओढाताण सुरू झाली आणि मी ह्यांना बोलायचं ते बोललेच. पण बोलता बोलता मातीही मळत होते.

रस्त्याने जाणारे थांबायचे. "काय मुक्या, फादरांची भिंत कुठवर आली?" हे वर बघायचे नाहीत. पण ह्यांची एक लबाडी माझ्या हळूहळू लक्षात आली. छोटे दगड हे पटापट बसवत. मोठे, दोन माणसांनी उचलायचे, ते तसेच ठेवत. पहारेने तरफ देऊन एकट्याने ढकलता आले असते, मी संसारभर बघितलंय. पण नाही. थरात तेवढी जागा सोडायची, फटीत ठोकायच्या दगडाच्या चिपा आणि माती तयार ठेवायची, आणि वाट बघत बसायचं. कोणी टोमणा मारायला थांबला की हे दगडाचं एक टोक धरायचे आणि म्हणायचे, "जरा धर."

आता समोर माणूस वाकून दगड धरून उभा आहे म्हटल्यावर, धरणार नाही असा कोण असतो? टोमणा अर्धा तोंडात आणि हात दगडाखाली, अशी एकेकाची गत झाली. पहिला सापडला गिरणीवालाच. त्याच्या त्या शिव्या! दगड बसला, त्याने कंबर धरली, आणि जायचं सोडून एक डोळा मिटून दगडाकडे बघत राहिला.

"डावीकडे जरा वर आहे रे," म्हणाला.

"चीप घाल मग," हे म्हणाले. आणि गिरणीवाल्याने गुडघ्यावर बसून चीप घातली.

दुसऱ्या दिवशी तो दगड बघायला आला. तिसऱ्या दिवशी दुकानदाराला घेऊन आला, "बघ, हा माझा" म्हणत. दुकानदाराला लगेच दुसरा दगड मिळाला. मग सुतार आला, बसचा ड्रायव्हर आला, रविवारी चर्चमधून परस्पर माणसं यायला लागली. चांगले कपडे खराब होतील म्हणून बायका ओरडायच्या आणि मग स्वतःच घमेली उचलायच्या. सुतार वासे जोडायच्या कामाला कधी लागला ते त्यालाही कळलं नसेल. शेतात गेलेले पत्रे एकेक करून परत आले. एक जरा उशिरा आला, कारण त्याच्याखाली कोणाच्या तरी कोंबड्या राहायला गेल्या होत्या.

भिंत खिडकीइतकी आली त्या दिवशी मोठ्या सिस्टर काठी टेकत मागे आल्या. मी खुर्ची आणून दिली. बराच वेळ बघत बसल्या.

"त्या दिवशी फादर चुकीचं समजले," मी म्हटलं. "तुम्हाला कळलं होतं ना? मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"मी थांबले होते," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कोणीतरी उठून सांगेल, त्याला काय म्हणायचंय ते. सगळ्यांची तोंडं बघितली. कोणी नाही उठलं. मग मी सांगून काय उपयोग?"

हे थापी चालवतच होते, पण हात मंदावला होता.

"भिंत उभी राहील रे," सिस्टर ह्यांना म्हणाल्या. "मास्तरही येतील, शिकवतील, घरी जातील. पण सकाळी दार कोण उघडणार? मुलगी यायची थांबली तर तिच्या दारात कोण जाणार? भिंत जाते का?" मग व्हरांड्याकडे हात केला. "शाळा बंद होणार म्हणून एकेक मुलगी गळाली. काल गिरणीवाल्याची गेली. आता तुमची एकटीच येते. एका मुलीची शाळा नसते."

त्यांचा आवाज कापला. मी लहानपणापासून त्यांना बघतेय, आवाज कापलेला कधी ऐकला नव्हता. त्या उठायला गेल्या. "मी जाऊन येते त्याच्याकडे," म्हणाल्या, आणि गुडघ्याने दगा दिला तशा परत बसल्या.

मला माझ्या वडिलांची पायरी आठवली. मी अशीच एका वर्षी घरी बसवली गेले होते, धाकट्या भावाला सांभाळायला. सिस्टर छत्री घेऊन आल्या आणि आमच्या पायरीवर बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. वडील आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. आईने चहा दिला, तो प्यायल्या. ऊन सरकत सरकत त्यांच्या पायांवर आलं तरी बसून राहिल्या. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "घेऊन जा, बाई, तिला!" असा सगळा माझ्या शिक्षणाचा इतिहास.

मी हात धुतले आणि गिरणीकडे गेले. आत पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं. गिरणीवाल्याची मुलगी काट्यापाशी उभी, डोक्याला फडकं बांधून. मला बघून तिने मान खाली घातली. मी काही न बोलता पायरीवर बसले.

"काय वहिनी? दळण?" गिरणीवाल्याने विचारलं.

मी मान हलवली, नाही.

"मग?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. तो आत गेला. बाहेर आला. गिऱ्हाईकं मला ओलांडून आत-बाहेर करत होती. "काही झालंय का घरी? मुक्याशी भांडलात का?" मी गप्प. सांगायला सोपं आहे हो, पण गप्प बसणं फार कठीण. माझ्या जिभेवर गिरणीवाल्यासाठी एवढं काय काय जमलं होतं! पण आवरलं. पीठ माझ्या केसांवर, पापण्यांवर, पदरावर बसत गेलं. गिऱ्हाईकं हसायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, ही तर पांढरी सिस्टरच झाली!"

ते ऐकलं आणि गिरणीवाल्याचा चेहरा बदलला. त्याच्याही दारात सिस्टर बसल्या असणार एकदा. त्याने पट्टा बंद केला. एकदम सगळीकडे शांत झालं.

"शाळा बंदच होणार आहे ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मग तिथे बसून काय करणार पोर?"

"तुमचा दगड आहे ना तिथे?" मी म्हटलं. तेवढं एकच बोलले.

त्याने डोकं खाजवलं. मग आत बघून ओरडला, "ए, सोड तो काटा! जा काकूबरोबर!"

मी तिला घेऊन व्हरांड्यात गेले. नखशिखांत पांढरी. सिस्टर बघतच राहिल्या.

"सिस्टर, तुमचं काम करून आले," मी म्हटलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात आपसूक पट्टीकडे गेला. "वाक्य परत म्हण."

मी कशी अडखळले! एवढी मोठी बाई, आणि वर्गातल्यासारखी हात मागे बांधून उभी राहिले. "आपलं," मी म्हटलं. "आपलं काम करून आले."

"बरोबर," सिस्टर म्हणाल्या.

फादर आले तेव्हा आवार भरलं होतं. बोलावलं कोणीच नव्हतं. भिंत पुरी झाली होती, वर पत्रे बसले होते, फक्त एका खिडकीखालचा लांब दगड बसवायचा राहिला होता. तो का राहिला, म्हणून सगळे विचारत होते आणि हे म्हणत होते, "राहू दे."

फादर जीपमधून उतरले आणि जागीच थांबले. भिंतीवर हात फिरवला. "परंतु आपण तर... हे कोणी सांगितलं होतं?"

लोकांनी ह्यांच्याकडे बघितलं. शेवटी गिरणीवाला पुढे झाला. "फादर, त्या दिवशी हा म्हणाला ना, शाळा आपली आहे? तर आपली म्हणजे तुमची नव्हे. आपली!"

"होय," फादर गोंधळून म्हणाले. "आपली. म्हणजे आमची. मी तेच समजलो."

"अहो नाही! आमची म्हणजे तुमची! हा म्हणाला आपली!"

"आपली," दुकानदार मदतीला धावला. "आपली म्हणजे, आपली."

"आपली हो, आपली!" चारी बाजूंनी सुरू झालं. फादर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, गणित चुकलेल्या मुलासारखे. व्हरांड्यात मोठ्या सिस्टर तोंडावर रुमाल दाबून हसत होत्या, त्यांची खुर्ची हलत होती. मी पुढे होऊन नीट सांगणार होते. व्याकरणात माझाच पहिला नंबर. पण हे मधे आले. खाली वाकून त्या लांब दगडाचं एक टोक धरलं.

"फादर," हे म्हणाले, "जरा धरा."

फादरांनी दगडाकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग बाह्या सारल्या आणि वाकले. असलं काम कधी केलं नव्हतं बिचाऱ्यांनी. दगड छातीला लावून धरला, पांढऱ्या झग्याला चिखल लागला, चष्मा नाकावरून घसरला. "सावकाश," हे म्हणत होते, "बोटं सांभाळा... जरा माझ्याकडे... सोडा." दगड बसला. फादरांचं बोट खरचटलं होतं, रक्त आलं. ह्यांनी खांद्यावरचं फडकं पुढे केलं.

"हा आता तुमचा," गिरणीवाला म्हणाला. "खाली तो काळा दिसतोय ना, तो माझा."

फादर बोटाला फडकं गुंडाळत भिंतीकडे बघत राहिले. छातीचा भाता चालू होता.

"आपण बघायला पाहिजे," ते हळूहळू म्हणाले, एकेक शब्द चाचपत. "असं हे म्हणाले होते. म्हणजे... हे सर्व, आणि... मीसुद्धा?"

ह्यांनी मान हलवली.

फादरांनी त्या दिवशी किल्ल्या नेल्या नाहीत. एक वर्ष बघू, म्हणाले. वरून मास्तरांच्या पगाराचं ते बघणार, शाळेचं दार, पाणी, डागडुजी आणि घरी बसलेल्या मुली आम्ही बघणार. ते वर्ष कसंबसं गेलं. मग पुढचं. भांडणं झाली, दोघा-तिघांनी अंग काढून घेतलं, एकदा गिरणीवाल्याची पाळी असताना दारच उघडलं नाही आणि मुलं कुंपणावरून आत गेली. पण शाळा आहे. आमची पोर तिथून शिकून बाहेर पडली. गिरणीवाल्याचीही. तेव्हाच्यासारखी शिस्त आता नाही, हे मात्र मी म्हणणारच.

सिस्टरांचं जाणं काही टळलं नाही. गुडघे आणि वय ह्यांच्यापुढे कोणाचं चालतं? त्याच सुट्टीत, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी जीप आली. दोघी सिस्टर आधी बसल्या. मोठ्या सिस्टरांनी मागच्या भिंतीपाशी नेऊन उभं करायला लावलं. दगडांवरून हात फिरवला, कोण कुठला ते विचारलं, आणि लोकांनी एकमेकांना ढकलत आपापला दाखवला. मला म्हणाल्या, "पायरीवर बसताना छत्री नेत जा. लोक विचारतात, छत्री कशाला? बोलायला आपल्याला सुरुवात करावी लागत नाही." मी रडत होते, मला हसताही येईना.

ह्यांनी त्यांना धरून जीपमध्ये बसवलं, पाय उचलून आत ठेवले. सगळं गाव दाराशी. सिस्टरांनी सगळ्यांकडे बघून घेतलं.

"बरं तर," त्या म्हणाल्या. "आता तुमची शाळा तुम्ही सांभाळा."

सगळ्यांनी माना हलवल्या. ह्यांनी दाराला हात घातला होता. लावायचं सोडून तसेच उभे राहिले.

"सिस्टर," हे म्हणाले.

"काय रे?"

"वाक्य परत म्हणा."

सिस्टर ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मग शाळेकडे बघितलं, व्हरांड्याकडे, भिंतीकडे. पहिल्यांदा शब्द आलाच नाही. मग आला, मोडका, तुकड्या-तुकड्यांत.

"आपली शाळा," त्या म्हणाल्या. "आपण... आपण सांभाळू."

"बरोबर," हे म्हणाले, आणि जीपचं दार लावलं.